कान फुटला म्हणजे दुखणें संपलें काय ?

लहान मुलांचीं बहुतेक दुखणीं दिवसा सुरू होतात. कानाचें दुखणें मात्र रात्रीचें. संध्याकाळीं मूल सर्दीनें किरकिरलेलें असतें, नाकाला धार लागलेली असते, जेवणांत मन नसतें, इतकेंच. मध्यरात्रीं तें एकाएकीं किंकाळी फोडून उठतें आणि कान धरून बसतें. बोलतां न येणारें तान्हें असेल तर अंगावर पिणें सोडतें, मान हालवितें, हातानें कान चोळतें आणि रडतें. निजल्यावर कानाच्या आंतला दाब वाढतो, म्हणून हा ठणका रात्रींच जोर करतो. मग घरांत दिवे लागतात. आजी खोबरेल तेलांत लसणाची पाकळी कडकवावयास बसते; वडील गेल्या खेपेची उरलेली औषधाची बाटली फ्रिजांत शोधूं लागतात; आई मुलाला खांद्यावर घेऊन येरझारा घालते. पहांटे पहांटे उशीवर पिवळट डाग पडतो आणि मूल गाढ निजतें. 'फुटला एकदांचा !' म्हणून सर्वांचा जीव भांड्यांत पडतो.

तेल, उरलेलें औषध आणि फुटल्यावरचें समाधान, या तिन्ही गोष्टी सुशिक्षित घरांतहि इतक्या अंगवळणीं पडल्या आहेत कीं, त्यांविषयीं कोणी शंका घेत नाहीं. आम्ही वैद्य नाहीं व डॉक्टरहि नाहीं. परंतु ज्याचा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला त्याला मुलांच्या कानांशीं जितका संबंध येतो तितका फारच थोड्यांना येत असेल. तेव्हां या विषयावर जें आज निश्चितपणें ठाऊक झालें आहे, तें वाचकांपुढें, विशेषतः आमच्या वाचक भगिनींपुढें, मांडावें असें वाटलें.

प्रथम कानाची रचना पाहूं. बाहेर दिसतें त्या भोंकाच्या टोकाशीं, मोठ्या माणसांत सुमारें एक इंच आंत, एक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. त्याच्या पलीकडे एक लहानशी हवेची खोली आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलींत तीन चिमुकलीं हाडें सांखळीसारखीं जोडलेलीं असतात. त्यांच्या आकारांवरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब अशीं नांवें मिळालीं आहेत. पडदा हालला कीं सांखळी हालते आणि ध्वनि आंतल्या कानास पोंचतो. या खोलीची एक अरुंद नळी नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या बाजूस उघडते. सोळाव्या शतकांतील बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शारीरशास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. रत्नागिरीहून कोल्हापुरास जातांना आंबा घाटांत कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळतांच तो सुटतो, हा अनुभव सर्वांचा आहे. दडा सुटतो तो ही नळी क्षणभर उघडते म्हणून.

सर्व अनर्थाचें मूळ या नळींत आहे. मोठ्या माणसांत ती लांब व उतरती असते. तान्ह्या मुलांत आंखूड, रुंद व जवळजवळ आडवी. सर्दी झाली कीं नळीचें तोंड सुजून बंद होतें, खोलींत पाझर सांचतो, आणि नाकाघशांत वस्तीला असलेले जंतु त्या सांचलेल्या पाण्यांत वाढून त्याचा पू होतो. म्हणजे रोग शिरतो तो नाकाकडून. 'न्हाणीघरांत कानांत पाणी गेलें म्हणून कान फुटला' हें जें आपण सर्रास ऐकतों, तें पडदा शाबूत असलेल्या मुलाच्या बाबतींत खरें नव्हे. न्हाऊं घालणाऱ्या बाईवर तो आळ व्यर्थच येतो. दोष द्यावयाचाच तर तो मुलाला उताणें निजवून बोंडल्यानें दूध पाजण्याच्या चालीस द्यावा. तशा स्थितींत दूध नळीच्या तोंडापर्यंत सहज चढतें. मुलाचें डोकें उंच धरून पाजलें तर हें टळतें. आणि पहिले सहा महिने केवळ आईचेंच दूध मिळालें तर कानाचें दुखणें मुळांतच कमी येतें. चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर हीहि कारणें आहेतच. आमच्या कोंकणांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दारें-खिडक्या लावून बसावें लागतें, ओले कपडे व धूर एकाच माजघरांत कोंडतात, घरांतल्या एकाची सर्दी सर्वांना लागते, आणि कानाच्या ठणक्याची हाक त्याच दिवसांत अधिक ऐकूं येते.

आतां निदानाकडे वळूं. कान दुखणें हें लक्षण आहे. तें रोगाचें नांव नव्हे. दाढ किडली तरी कान दुखतो, घसा सुजला तरी दुखतो, बाहेरच्या भोंकांत पुळी झाली तरी दुखतो, मळाचा खडा फुगला तरी दुखतो. मध्यकर्ण पिकला आहे कीं नाहीं हें सांगण्याचा मार्ग एकच : दिवा व भिंग असलेल्या ऑटोस्कोप नांवाच्या लहानशा यंत्रानें पडदा डोळ्यांनीं पाहणें. निरोगी पडदा मोत्यासारखा, किंचित् करडा व अर्धपारदर्शक असतो. पिकलेल्या कानाचा पडदा बाहेरच्या बाजूस फुगून येतो. हें फुगणेंच महत्त्वाचें. नुसता लाल दिसला म्हणून भागत नाहीं, कारण दहा मिनिटें रडलेल्या किंवा ताप असलेल्या मुलाचा पडदाहि लाल होतो. यंत्रास रबराचा लहान फुगा जोडून हवेची बारीक फुंकर मारली तर निरोगी पडदा हालतो. मागें पाणी किंवा पू असला तर तो जड राहतो. या सर्वांस दोन मिनिटें पुरतात. तरीहि नाडी पाहून, छाती तपासून, कानांत न डोकावतांच औषधाची चिठ्ठी लिहिली जाते, असा अनुभव पुष्कळांस असेल. अशा वेळीं 'जरा कान पाहतां का ?' असें नम्रपणें विचारण्यांत कोणाचा अपमान होत नाहीं.

येथें आमच्या जुन्या शास्त्राचा आधार घेऊन तेलाचा कैवार घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं तें शास्त्र एकदां उघडून पाहावें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. कर्णशूल निराळा, कर्णस्राव निराळा, पूतिकर्ण निराळा. दुखणाऱ्या प्रत्येक कानांत तेल ओतावयाचें असतें तर हीं अठ्ठावीस नांवें ठेवण्याची यातायात त्यानें कशाला केली असती ? वाहत्या कानासाठीं धुरी, पूरण, पुसून काढणें व धुणें असे निरनिराळे उपचार त्यानें सांगितले आहेत, आणि ते पाहून, पुन्हा पाहून योजावे अशीहि ताकीद दिली आहे. कानाच्या रोगांचें तंत्र ज्या शालाक्य या नांवानें ओळखलें जातें, तें नांवच मुळीं शलाका या उपकरणावरून पडलेलें आहे. सुश्रुताच्या हातीं ऑटोस्कोप असता तर त्यानें तो बाजूस ठेवला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

तेलानें प्रत्यक्ष काय होतें ? पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेलें तेल आंतल्या पुवापर्यंत पोंचतच नाहीं. ऊब लागून क्षणभर बरें वाटतें, परंतु दुसरे दिवशीं डॉक्टरास तेलामुळें पडदा नीट दिसत नाहीं. पडदा फुटलेला असेल तर तेंच तेल, त्यांतील लसणाच्या कणांसह, सरळ मध्यकर्णांत उतरतें. वाहत्या कानांत तेल घालणें हें सर्वस्वीं वर्ज्य समजावें. ठणक्यावर ऊन फडक्याचा शेक, उशी उंच, आणि मुलाच्या वजनाच्या मापानें पॅरासिटेमॉल, एवढें केलें तर रात्र निभते.

आतां अँटिबायॉटिक औषधें. यांचें महत्त्व कळण्यास त्यांच्यापूर्वींचा काळ आठवावा. त्या वेळीं कानांतील पू मागच्या मॅस्टॉइड नांवाच्या हाडांत उतरला म्हणजे छिन्नी-हातोडीनें तें हाड फोडून पू काढण्यावांचून गत्यंतर नसे, आणि तेथून तो मेंदूपर्यंत पोंचला तर तोहि उपाय चालत नसे. प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड १९०० सालीं पॅरिसमध्यें वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं मेंदूच्या दाहानें वारला. त्याचें मूळ जुनाट कानाच्या रोगांत होतें असें पुष्कळ डॉक्टरांचें मत आहे. चमत्कार असा कीं, त्याचा पिता सर विल्यम वाइल्ड हा डब्लिन येथील नामांकित कर्णवैद्य होता व १८५३ सालीं कानाच्या शस्त्रक्रियेवर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला होता. १९२८ सालीं लंडनमध्यें फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला, १९४० नंतर तें रोग्यांना मिळूं लागलें, आणि आमच्याकडे पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांतून १९५५ पासून तें देशांत तयार होऊं लागलें. त्याच कुळांतलें अमॉक्सिसिलिन हें आज मुलांच्या कानासाठीं पहिलें औषध मानलें जातें. हाड फोडण्याची पाळी आतां क्वचितच येते. हे उपकार लहान नव्हेत.

परंतु औषध गुणकारी आहे एवढ्यावरून तें प्रत्येक कानास हवें असें होत नाहीं. १९८१ सालीं नेदरलँड्समधील डॉक्टरांनीं कान पिकलेल्या मुलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, बहुतेक मुलें या औषधांवांचूनच बरीं होतात. त्यानंतर निरनिराळ्या देशांत झालेल्या प्रयोगांचा एकत्र ताळा पाहिला तर शंभरांतील सुमारें साठ मुलांचा ठणका, औषध द्या अगर न द्या, चोवीस तासांत थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं औषधाचा उपयोग दिसतो तो सुमारें वीस मुलांत एकास. आणि तेंच औषध घेतल्यामुळें सुमारें चौदांत एका मुलास जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ यांचा त्रास होतो. म्हणून अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं पुढील धोरण ठरविलें. कान वाहूं लागला असेल, ठणका अतिशय किंवा दोन दिवसांहून अधिक असेल, ताप १०२ अंशांवर असेल, किंवा दोन वर्षांच्या आंतील मुलाचे दोन्ही कान पिकले असतील, तर औषध लगेच सुरू करावें. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्यांच्या बाबतींतहि कोणी थांबत नाहीं. बाकीच्यांचा ठणका शमवून दोन-तीन दिवस वाट पाहावी, आणि उतार न पडला तर औषध द्यावें.

हें वाट पाहणें ऐकावयास सोपें आहे, पण तें कोठें व कोणीं करावें हा प्रश्न आमच्या मुलखांत वेगळा आहे. आम्स्टरडॅमांत डॉक्टर पुढच्या गल्लींत असतो. मंडणगड किंवा गुहागर तालुक्यांतील एखाद्या वाडींत, जुलैच्या पावसांत, ओढ्याला पाणी आलें असतां, 'परवां पुन्हा दाखवा' या शब्दांचा अर्थ काय ? जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यसेवकांसाठीं जी पद्धत आहे, तींत कान दुखणाऱ्या किंवा चौदा दिवसांच्या आंत वाहूं लागलेल्या प्रत्येक लहान मुलास पांच दिवस अँटिबायॉटिक द्यावें असें सांगितलें आहे. जेथें पडदा पाहावयास यंत्र नाहीं व दुसऱ्या भेटीची शाश्वती नाहीं, तेथें हेंच शहाणपणाचें. उलट, रत्नागिरी शहरांत राहून, डॉक्टर हांकेच्या अंतरावर असतां, फुगलेला पडदा कोणीं पाहिलेला नसतांना बाटली उघडणें हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दोन्ही घरें एकाच जिल्ह्यांतलीं. पण त्यांना एकच नियम लागूं नाहीं.

आणि ती उरलेली बाटली ! मुलांचें हें औषध बहुधा भुकटीच्या रूपांत मिळतें व त्यांत उकळून गार केलेलें पाणी घालून तें पातळ करावें लागतें. एकदां पाणी घातलें म्हणजे बाटलीवर लिहिलेल्या मुदतींतच, बहुधा आठवड्याभरांत, त्याचा उपयोग संपतो. गेल्या गणपतींतलें औषध यंदाच्या शिमग्यांत देणें म्हणजे गोड पाणी देणें. शिवाय मात्रा वजनावर ठरते. थोरल्याच्या मापानें धाकट्यास दिलें तर अधिक होतें, धाकट्याच्या मापानें थोरल्यास दिलें तर अपुरें पडतें. अपुऱ्या मात्रेचा परिणाम अधिक वाईट. दुबळे जंतु मरतात आणि औषधास न जुमानणारे राहतात. पुढच्या खेपेस त्याच मुलाला, किंवा त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाला, तें औषध लागूं पडत नाहीं. डॉक्टरानें पांच दिवस सांगितले तर पांच, दहा सांगितले तर दहा. दोन वर्षांच्या आंतील मुलास बहुधा दहा सांगतात. ज्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते तें औषध चिठ्ठीवांचून विकणें कायद्यानें मना आहे, आणि १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारख्या कित्येक अँटिबायॉटिकांच्या विक्रीची नोंद दुकानदारानें स्वतंत्र वहींत ठेवावी असा नियम झाला आहे. नियम पाळणाऱ्या दुकानदाराशीं हुज्जत घालणारे गृहस्थ पुष्कळदां पदवीधर असतात !

आतां फुटलेल्या कानाकडे येऊं. पडदा फाटून पू बाहेर पडला म्हणजे दाब उतरतो, आणि म्हणून ठणका थांबतो. रोग गेला म्हणून तो थांबत नाहीं. बहुतेक मुलांत हें भोंक कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतें. परंतु तें भरलें हें कोणीं तरी पाहिलें पाहिजे. कान दोन आठवड्यांहून अधिक वाहत राहिला तर तो जुनाट झाला असें समजतात. मग पोटांतल्या औषधापेक्षां कान कोरडा ठेवणें व डॉक्टरानें दिलेले थेंब घालणें यांचेंच महत्त्व अधिक. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळून कानांत ठेवावी, भिजली कीं काढून दुसरी ठेवावी, असें वात कोरडी निघेपर्यंत दिवसांतून तीन वेळां करावें आणि मग थेंब घालावे. काडी, आंकडा, पेन्सिलीचें टोक यांपैकीं कांहींहि आंत घालूं नये. थेंबहि घरांतले जुने नकोत. जेंटामायसिन, निओमायसिन अशा औषधांचे थेंब फाटक्या पडद्यांतून आंत गेले तर श्रवणशक्तीस अपाय होऊं शकतो. डोक्यावरून न्हातांना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानांत ठेवावा. आणि विहिरींत पोहणें ? पडद्यास भोंक असे तों तें बंद. कानामागें सूज येऊन पाळी पुढें आली, तोंड एका बाजूस वांकडें झालें, मान ताठली, मूल गुंगींत गेलें किंवा सारखें ओकूं लागलें, तर रात्र असो, पाऊस असो, गाडी काढून मोठें रुग्णालय गांठावें.

याहून फसवी स्थिति निराळीच आहे. ठणका नाहीं, ताप नाहीं, पू नाहीं. पण पडद्यामागें चिकट पाणी राहून गेलें आहे. कान पिकून बरा झाल्यावर महिन्यानेंहि पुष्कळ मुलांच्या कानांत हें पाणी असतें, आणि सुमारें दहांतील एकाच्या कानांत तीन महिन्यांनींहि असतें. त्यावर अँटिबायॉटिक चालत नाहीं. बहुधा तें आपोआप आटतें. पण तोंवर मुलास आपण कानांत बोटें घालून ऐकावें तसें ऐकूं येतें. त्याला दुखत नाहीं, म्हणून तें सांगत नाहीं. वर्गांत तें मागें बसलेलें असतें. श्रुतलेखनांत 'पाट' चा 'पाठ' करतें, 'कर' चा 'खर' करतें. हांक मारली तर दुसऱ्या हांकेस वळतें. पावसाळ्यांत त्याच्या चुका वाढतात व उन्हाळ्यांत कमी होतात, हें ज्याच्या ध्यानांत येतें तो शिक्षक विरळा. घरीं त्याला 'दुर्लक्ष करतो' म्हणतात, शाळेंत 'मठ्ठ' म्हणतात. दोन-चार वर्षांनीं त्याला स्वतःलाच तें पटतें, आणि मग कान बरा झाला तरी तें पुढच्या बाकावर येत नाहीं. तीन महिने पाणी आटलें नाहीं तर श्रवणपरीक्षा करवावी. जरूर पडल्यास पडद्यास बारीक छेद घेऊन त्यांत इवलीशी नळी बसवितात. शब्द मागून, हळू आवाजांत उच्चारून पाहण्याची परीक्षा मात्र कोणत्याहि आईस घरीं करतां येते.

नाकाघशांतील ज्या जंतूंमुळें कान पिकतात त्यांतला एक प्रमुख न्युमोकॉकस. त्याच्यावरची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणांत टप्प्याटप्प्यानें आली व २०२१ सालीं सर्व देशांत लागूं झाली; सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत ती विनामूल्य मिळते. न्युमोनियासाठीं ती मुख्यतः देतात, पण कानाचाहि कांहीं फायदा होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें या लसीचा देशी प्रकार २०२० च्या डिसेंबरांत बाजारांत आणला.

तपासणीचीहि सोय आहे, पण तिचा लाभ घेणारीं सुशिक्षित घरें थोडीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां येतें. ज्या विकारांसाठीं मुलें तपासावयाचीं त्यांच्या यादींत कान पिकणें व ऐकूं कमी येणें हीं दोन्ही आहेत. पथकांतील डॉक्टर आयुष शाखेचे असतात, म्हणजे सुश्रुताचा वारसा सांगणारेहि त्यांत आलेच. जरूर असलेल्या मुलास तेथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवितात. पथक येणार त्या दिवशीं मुलास घरीं ठेवूं नये, आणि एका कागदावर एवढें लिहून द्यावें : कोणता कान फुटला, कोणत्या महिन्यांत, किती दिवस वाहिला, काय औषध झालें, व मागून हांक मारली असतां तें वळतें कीं नाहीं.